शेवटची ओळ वाचा

"ओके आलं ना, वहिनी? मग झालं की!" असं कुणी म्हटलं की त्या मानेनेच नाही म्हणायच्या आणि फोन उचलायच्या. फॅक्स जिथे गेला तिथल्या माणसाला सांगायच्या, "शेवटची ओळ वाचा." तो वाचेपर्यंत हातातला कागद खाली ठेवायच्या नाहीत.

शांती नगरमध्ये त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, लग्नानंतर मुंबईत, मग इकडे. यजमान गेल्यावर हॉलच्या कोपऱ्यात टेबल टाकून त्यांनी घरातच ऑफिस थाटलं. टायपिंग, झेरॉक्स, स्कॅन, फॅक्स, सगळं एकाच मशीनवर. आजही आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचा विषय निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "त्याच ना, उत्तनच्या बाईचा कागद घालवला आणि वर खोटं बोलल्या?" कागद त्यांनी घालवला नाही. मी घालवला. तेवढ्यासाठीच हे लिहितोय. पण आधी त्या कशा होत्या ते सांगू द्या.

स्वस्थ बसता येत नाही असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. फॅक्स जायला लागला की वहिनींच्या हॉल ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या सुरू व्हायच्या. आमटी ढवळायची, कागद किती आत गेला ते बघायचं, पुन्हा आमटी. फोन आणि फॅक्स एकाच लाइनवर, त्यामुळे दुपारी कुणी फोन केला तर कानात कर्कश शिट्टी. "माझ्या नणंदेला वाटतं मी तिच्यावर किंचाळते," त्या म्हणायच्या. "वाटू दे. मनातलं आपोआप पोचतंय."

शेवटच्या ओळीची सवय एका फजितीतून लागली. जुन्या मशीनमध्ये कागद पालथा घालायचा, नव्यात तोंड वर. नवं मशीन आलं त्याच आठवड्यात खालच्या हार्डवेअरवाल्या शेठची ऑर्डर त्यांनी जुन्या सवयीने पालथी घातली. मशीनने इमानदारीत ओके छापलं. पलीकडे पोचले कोरे कागद. शेठ जिना चढून आला. "बेन, मैंने नट-बोल्ट मंगाया था, हवा नहीं!"

यजमान गेल्यापासून टिकल्यांचं पाकीट ड्रॉवरमध्ये तसंच पडून होतं. त्यातली एक लाल टिकली काढून वहिनींनी मशीनच्या वरच्या कडेला चिकटवली. "हे मशीनचं तोंड, ते कागदाचं. दोघांनी एकमेकांकडे बघायचं," म्हणाल्या. तेव्हापासून फोनही सुरू झाले. एकदा एक क्लार्क वैतागला, "मॅडम, आप टीचर हो क्या?" वहिनी म्हणाल्या, "नहीं भैया, टीचर होती तो पूरा पढ़वाती."

मी हसायचो. "वहिनी, ओके म्हणजे ओके."

"अहो भाऊ, ते मशीन म्हणतंय. माणूस कुठे म्हणतोय?"

ती बाई म्हणजे उत्तनच्या कोळीवाड्यातली मावशी, आमच्याकडे सुकी मासळी विकायला यायची. तिचा मुलगा परदेशी जहाजावर होता आणि नवरा अंथरुणावर, आज-उद्याचा. पोराला एकदा बघायचं, एवढंच तो बोलायचा. कंपनीच्या आखातातल्या ऑफिसने कळवलं की फॉर्म फॅक्स करतो, आईची सही घेऊन आजच परत पाठवा, जहाज बंदरात आहे तोवर मुलाला उतरवतो. मोबाइलवरचा फोटो चालणार नव्हता.

फॅक्स आला आणि नेमकी शाई संपलेली. शाई नसली की ते मशीन आलेला फॅक्स पोटात ठेवायचं, शाई घातली की छापायचं. दिवा लुकलुकत होता. वहिनी कार्ट्रिज आणायला निघाल्या. "भाऊ, तुम्ही बसा इथे. मावशी बसमध्ये आहे, आली तर पाणी द्या. मशीनला हात लावू नका." चपला घालताना पुन्हा, "हात लावू नका हं."

मशीनला मी हात लावलाही नाही. पण नोकरीत ऑफिस बंद करायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं. निघताना दिसेल ते बटण बंद. बायको म्हणायची, "हे एक दिवस देवापुढची समईसुद्धा विझवतील." वहिनींना उशीर होत होता. मावशी आली का ते बघायला मी उठलो आणि उठता उठता भिंतीवरचं बटण बंद केलं. का केलं? उठलो म्हणून.

दोघी जिन्यात भेटून बरोबरच आल्या. वहिनींनी बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी ते चालू केलं, शाई घातली. मशीन घरघरलं आणि गप्प झालं. वीज तोडल्याने पोटातला फॅक्स पुसला गेला होता.

त्यांनी ऑफिसला फोन लावला. "हमारे पास तो ओके आया है, मॅडम. साहब राह देखके अभी निकल गए, फॉर्म उनके पास है. अब छुट्टी के बाद."

"काय झालं वो?" मावशी दारातच उभी होती.

मी तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आत वहिनी म्हणाल्या, "लाइट गेली होती, मावशी."

सुट्टी संपेपर्यंत जहाज सुटलं. मुलगा पुढच्या बंदरातून घरी पोचला तेव्हा बाप गेलेला होता.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी लगेच वाचा फोडली, "लाइट कुठे गेली होती? माझी सिरियल चालू होती!" ते जिन्याजिन्यातून फिरलं. लोक कागद घेऊन दुसरीकडे जायला लागले. शेठसुद्धा. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. आणि त्या दारातून विचारायच्या, "भाऊ, चहा घेणार?" मी घ्यायचोही. कप हातात असताना तरी बोलता आलं असतं.

एका दुपारी त्यांचं दार उघडं होतं. वहिनी मशीनसमोर स्वस्थ बसल्या होत्या. त्यांना तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे त्या मुलीकडे राहायला गेल्या. त्या जाताना मशीन भंगारवाल्याने उचललं, टिकलीसकट. गेल्या वर्षी मुलीचा फोन आला, आई गेली.

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सेक्रेटरी म्हणाला, "काका, आता फॅक्स कोण करतंय? बसा. पुढचा विषय, टाकीची सफाई." बसलो, पण बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तनची बस धरली.

मावशी आता वाकली आहे. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील उलटे करत होती. वारा भन्नाट. मी उभ्या उभ्याच बोलत सुटलो. शाई, कार्ट्रिज, माझी सवय, सगळं. ती हात न थांबवता ऐकत होती.

"शेवटाला काय बोल्लास?" तिने विचारलं. "वाऱ्यात ऐकू न्हाय आलं. परत बोल."

"लाइट गेली नव्हती, मावशी. बटण मी बंद केलं. वहिनी माझ्यासाठी खोटं बोलल्या."

तिचा हात थांबला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "हां. आता आलं." आणि पुढचा बोंबील उलटा केला.