असल्या पोराचं काय खरं धरता

मी चौथी शिकलेला माणूस. मरोळला प्रेस मशीनवर तीस वर्षं काढली. एका डायमधून, म्हणजे साच्यातून, निघालेला माल एकसारखाच असतो, एवढं मला कळतं. नातीला ऑटिझम निघाला आणि तिला अंधेरीच्या थेरपी सेंटरवर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मला वाटलं, तिथली सगळी पोरं हिच्यासारखीच असणार. गप्प. हाक मारली तरी मान न वळवणारी.

तसं काही नव्हतं. एक पोरगी बाकीच्यांना मास्तरणीसारखी रांगेत बसवायची, कोणी हललं की भोकाड पसरायची. आणि जोगेश्वरीचा एक बारा वर्षांचा, मिसरूड फुटायला लागलेला. तो दिसेल त्याला विचारायचा, "तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे? किती माळे?" उत्तर दिलं की गच्च मिठी.

माझी नात सहा वर्षांची झाली, मला एकदाही आजोबा म्हणाली नाही. हा परका पोरगा रोज म्हणायचा. ते मला बघवेना.

एकदा बाकड्यावर चारचौघांत त्याच्या आईला म्हटलं, "ह्याला काय धाड भरलीय? चांगला घडाघडा बोलतो. लाडावून ठेवलायस तू."

ती म्हणाली, "काका, तुमची नात कुणाकडंच जात नाही. माझा कुणाकडंही जातो. ओळखीचं कोण, परकं कोण, त्याला कळत नाही हो. रस्त्यात हात सोडायची भीती वाटते मला."

"सोडत नाहीस म्हणूनच कळत नाही."

पुढच्या आठवड्यात सेंटरच्या मॅडमनी तिला आत बोलावलं. बाहेर दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पोराला माझ्याशेजारी बसवून गेली. मी त्याच्या हातात वीसची नोट दिली. "समोरून बिस्किटचा पुडा आण. एकटा जा." आज हिला दाखवतोच, म्हटलं. मी गेटवर उभा राहिलो.

दोन्हीकडं बघून त्यानं रस्ता ओलांडला. पुडा घेतला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. परतताना रिक्षा स्टँडवर एक तरुण पोरगी उभी होती. तो तिला काहीतरी विचारत होता. तीही काही बोलली. मग त्यानं तिला मिठी मारली.

ती किंचाळली. दोघा रिक्षावाल्यांनी त्याची कॉलर धरली. पहिली थप्पड बसली तसा तो हसायला लागला. घाबरला की हसतो तो, हे मला मागाहून कळलं. त्यांना वाटलं, माजलाय. मग आणखी मारला.

वीस पावलांवर होतो मी. "सोडा त्याला, त्याला कळत नाही," एवढंच म्हणायचं होतं. पण ते तर त्याच्या आईचं म्हणणं होतं. मी आत येऊन बाकड्यावर बसलो.

वॉचमननं त्याला आणला. ओठ फाटलेला, मुठीत पुडा. आई धावत आली, मागोमाग मॅडम आणि आतली माणसं. "कोणी सोडलं ह्याला बाहेर?"

"आजोबांनी पाठवलं," तो म्हणाला. "आजोबा गेटवर होते. मग आजोबा आत गेले." माळे विचारावेत तसं सरळ सांगितलं त्यानं.

सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "मी कशाला पाठवू? असल्या पोराचं काय खरं धरता?"

माझे पांढरे केस बघून सगळ्यांनी मान डोलावली. मॅडम उलट त्याच्या आईलाच बोलल्या. तेवढ्यात त्यानं पुडा माझ्या मांडीवर आणून ठेवला. आईनं पुड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पोराचा हात धरून निघून गेली, ती पुन्हा आली नाही.

नात बाहेर आली. मी पुडा फोडून तिला एक बिस्किट दिलं. माझ्याकडं न बघता तिनं ते खाल्लं.