दसरूभाऊंची शेवटची दाढ

दसरूभाऊ एकोणसत्तरीचे, आणि त्यातली चाळीस वर्षं कुरखेड्याच्या राइस मिलमध्ये गेलेली. कुणाचंही धान आलं, की पोत्यातला एक दाणा काढून ते दाढेखाली धरत. कट्ट वाजलं तर मशीनमधली भरडायची पत्ती बेतानं बसवायची आणि धान सोडायचं. मऊ लागलं तर माणसाला पोत्यासकट परत पाठवायचं, “दोन ऊन दाखव जाय!” ओलं धान भरडलं की तांदळाची कणी होते, आणि कणी झाली की गिऱ्हाईक दुसरी मिल धरतं. म्हणजे अख्खी मिल त्या दाढेवर उभी होती म्हणा ना.

ती दाढ गेल्या पोळ्याला पडली. हे फक्त त्यांच्या बायकोला, कांताबाईंना, ठाऊक होतं. म्हणजे सगळ्या आळीला ठाऊक होतं, मिलमध्ये तेवढं नव्हतं. तेव्हापासून दसरूभाऊ दाणा गिऱ्हाइकाच्याच हातावर ठेवत. “चाव तूच. तुहं धान हाय, तुले कळलं पायजे.” आणि कान टवकारून ऐकत.

अशात मालक गुणवंतरावांनी मशीनजवळ एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि तिच्या शेजारी आयटीआय झालेला पियुष उभा केला. “दसरूभाऊ, बसत जा आता. पोराले शिकवा.”

दसरूभाऊंनी खुर्ची पायानं लांब सारली. चाळीस वर्षांत या माणसानं दुसरा चहा विचारला नव्हता.

“बसवून राह्यला, म्हणजे उठवणार,” ते घरी म्हणाले.

“मंग उठा ना! किती दिवस करान?” कांताबाई म्हणाल्या.

“अन् तुह्या गोळ्या कोन आणन? तुहा बाप?”

खुर्चीवर ते बसले नाहीत. पत्ती फिरवताना पियुषकडं पाठ करत. दाणा बघायची वेळ आली की त्याला पोती रचायला पिटाळत. दोन महिन्यांत पोरगा एवढंच शिकला, की दसरूभाऊंच्या सदऱ्याला मागून किती ठिगळं आहेत.

एका दुपारी मिलमध्ये दोघंच होते. पियुष हळूच म्हणाला, “दसरूभाऊ, तुमाले दाढ नाई.”

“कोनं सांगलं?”

“पह्यल्याच दिवशी पायलं. टोस्ट चहात बुडवून गिळता तुमी.”

“मंग मालकाले काऊन नाई सांगलं?” चुगली न करणाऱ्या पोराचा काहीतरी डाव असणारच, हे दसरूभाऊंनी ताडलं.

“सांगलं असतं तर तुमी घरी. मंग मले कोन शिकवन? मालक आता अर्धा पगार देते. तुमी गेल्यावर पूरा देतो, म्हणते. काम येत नसन तर कायचा देते!”

दसरूभाऊंनी पोत्यात हात घातला. मग त्यांनी एक दाणा त्याच्या हातावर ठेवला. “चाव.” कट्ट. “हे सुकं. आता पत्तीवर हात ठेव.”

आठवड्यानं दोघं मिळून मालकासमोर उभे राहिले. मागणी अशी: पियुषला पूर्ण पगार, दसरूभाऊ दुपारपर्यंत आणि अर्ध्या पगारात. सगळा जाण्यापेक्षा अर्धा राहिलेला बरा, असा दसरूभाऊंचा हिशेब.

“तुमी दोघं एक कधी झाले?” गुणवंतराव डोळे बारीक करून म्हणाले. खर्च तर तेवढाच होता. मग फसवणूक आहे तरी कुठं, हे ते बारा वाजेपर्यंत शोधत बसले. सापडेना, तेव्हा हो म्हणाले.

एक वाजता दसरूभाऊ दारात. कांताबाईंनी सूप खाली ठेवलं. “काढलं ना?”

“नाई वं. अर्धा दिवस, अर्धा पगार. मीच मांगलं.”

“अर्धा पगार कोनी आपल्या हातानं सोडते काय? मले येडी समजले?”

पदर खोचून त्या तडक मिलवर गेल्या, पियुषला दोनदा उलटसुलट विचारलं, परत आल्या आणि चुलीवर दोघांपुरता भात टाकला. दुपारचा भात इतकी वर्षं त्या एकटीपुरताच शिजवत होत्या.