हौसेराव गोड बोलू लागतात

रबाळ्याच्या बादल्यांच्या कारखान्यात पॅकिंगचे सुपरवायझर होते हौसेराव निकम. मनानं वाईट नव्हते, पण कोरेगावकडचा गडी, आवाज या बांधावरून त्या बांधावर जाणारा. मशीनच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय माणूस हलत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. ते एकदा तापले की शेजारच्या कंपनीतली माणसंही झटून कामाला लागत, असं म्हणायचे लोक.

शहाण्णव साली कंपनीत क्षिप्रा देवस्थळी नावाच्या नव्या मॅनेजर आल्या. त्यांनी सगळ्या सुपरवायझरांना बेलापूरला ट्रेनिंगला धाडलं. तिथं टाय लावलेल्या एका गृहस्थानं सांगितलं, माणसाच्या चुका उगाळत बसू नका, त्याला काय चांगलं जमतं ते हेरा. आणि राग आला की आधी स्वतःला विचारा, मला नेमकं काय होतंय? हौसेरावांना जेवणातली बासुंदी तेवढी पटली. पण दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "मग निकम, बदल कधीपासून?"

"लगेच," हौसेराव म्हणाले. नोकरदार माणूस दुसरं काय म्हणणार?

सुरुवात घरापासून केली. "भाकरी झकास झालीय हं," ते बायकोला म्हणाले.

विजयमालाबाई तव्यावरून गर्रकन वळल्या. "काय झालं? डॉक्टर काय म्हणाले?"

कारखान्यात तर कहरच झाला. बादल्यांना दांडे लावून त्या खोक्यात भरणारी सगुणा जवळच्या गावातली, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. तिच्याजवळ जाऊन हौसेराव हसले आणि म्हणाले, "सगुणाबाई, तुमचं काम लई झ्याक असतं."

सगुणाच्या हातातली बादली गळून पडली. "सायेब, मना कामावरशी काराचा इचार हाय ना?" म्हणत, नोकरी गेलीच असं धरून ती डोळ्यांना पदर लावून बसली.

जेवणाच्या सुट्टीत युनियनच्या कमळाकरनं निदान केलं. पलीकडची एक कंपनी बंद पडली, तेव्हा तिथल्या साहेबानंही आदल्या आठवड्यात सगळ्यांच्या पाठीवरून असेच हात फिरवले होते! सुट्टी संपली, तरी कुणी बादलीला हात लावेना.

हौसेरावांचं डोकं सणकलं. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात टायवाला आठवला. ते डोळे मिटून तसेच मधोमध उभे राहिले. मला नेमकं काय होतंय? उत्तर काही लवकर येईना.

"अरे, साहेबांना झटका आला!" कुणीतरी ओरडलं. एकानं धावत जाऊन डब्यातला कांदा आणला आणि फोडून थेट नाकाला लावला.

"आरं, मी मरतोय का काय!" हौसेराव गरजले. "कंपनीला काय धाड भरली नाय! मला वरनं गोड बोलाय सांगितलंय आन् मला ते जमंना! नाय जमलं तर मॅडम मलाच काढतील, ह्या भ्यानं झोप नाय मला!"

बोलून गेल्यावर त्यांनाच कळलं, की होत होतं ते हेच. मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि हसण्याची लाटच आली.

"मग आधी बोलायचं ना साहेब," कमळाकर म्हणाला. "इथं आमची फुल टेन्शनमध्ये वाट लागली."

सगुणानं डोळे पुसले. "आन् खोटा कशाला बोलता? मी निम्मे दांडे इसरते, मना ठाव हाय."

"मग तुला जमतंय काय गं?"

"बोलाला!" दहाजण एकदम तिच्याच बोलीत ओरडले.

गेटवर रोज संध्याकाळी ट्रकवाल्यांशी भांडणं व्हायची. माल पडून राहायचा. हौसेरावांनी सगुणाला तिथं उभं केलं. ती ड्रायव्हरांच्या पोराबाळांची चौकशी करी, मधूनच कुणाला फैलावर घेई, आणि गाड्या वेळेवर सुटू लागल्या. खोट काढण्यात कमळाकरचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याला मालाच्या तपासणीवर बसवलं. त्यानं पहिल्याच आठवड्यात बादल्यांचा असा डोंगर नापास केला, की मोल्डिंगचे सुपरवायझर नंदकिशोर वैद्य बाह्या सरसावून आले.

"निकम, तुमचा माणूस आवरा!"

हौसेरावांचा आवाज चढलाच, पण मधेच थांबून त्यांनी विचारलं, "वैद्य, नेमकं झालंय काय?"

वैद्य खाली बसले. साचाच झिजलाय, म्हणाले, आणि मॅडम नव्या, सांगायचं कसं? ठपका आपल्यावरच येणार.

दोघं मिळून केबिनकडे निघाले. दारात एकमेकांना "तुम्ही पुढं व्हा" झालं. शेवटी हौसेराव आत शिरले. "मॅडम, साचा गेलाय. आमी दोघं बी भ्यालोय, म्हणून जोडीनं आलो."

क्षिप्राबाईंनी दोघांकडे बघितलं. चष्मा काढला. "बसा," त्या म्हणाल्या, "वरच्या साहेबांना हे सांगायचं म्हणजे भीती मलाही वाटतेय. आपण तिघं मिळून जाऊ."

दिवाळीच्या आत नवा साचा आला.