दाजींची खाऱ्या पाण्यातली बोटं

स्वतः घरी बसून ज्याची दोन बोटं समुद्रावर फिरायला गेली, असा माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे दाजी मूळचे मोशीचे. चाकणच्या बाजूला एका लहानशा वर्कशॉपमध्ये त्यांनी पंचवीस वर्षं पॉवर प्रेस चालवला. प्रेसला दोन बटणं असतात आणि ती दोन्ही हातांनी एकदम दाबायची असतात, म्हणजे पत्र्यावर ठोका पडताना हात आत राहत नाही. ही सवय दाजींच्या अंगात इतकी मुरली की ते दारावरची बेलसुद्धा दोन्ही तळव्यांनी दाबतात. पिंपळे गुरवला आमच्या लिफ्टमध्ये शिरले की एका हाताने आमचा मजला आणि दुसऱ्या हाताने जो सापडेल तो, त्यामुळे दाजी आले की आधी शेजाऱ्यांना कळतं. शिफ्ट सुटल्यावर प्रेसवरची माणसं बोटं मोजतात. दाजी घरी येऊन मोजायचे, ‘दहा!’ असं खणखणीत ओरडायचे आणि मगच चहाला हात लावायचे.

एकदा ओव्हरटाइमला घाई होती म्हणून त्यांनी स्वतःच एका बटणाला तार गुंडाळून ते दाबलेलंच ठेवलं. त्या दिवशी उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. ती जोडता आली नाहीत. दवाखान्याने पुडी करून दिली, एका चुलतभावाने ती फडक्यात बांधून मोशीच्या पुलाखाली इंद्रायणीत सोडली. पावसाळ्याचे दिवस होते आणि पाण्याला ओढ होती. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

पंधरा दिवसांनी दाजी जेवता जेवता थांबले आणि अगदी सहज म्हणाले, “आत्ता एक मासा हुंगून गेला बगा.” तिथून पुढे आम्हाला बोटांची खुशाली नियमित कळायला लागली. आज चिखलात रुतलीत, आज दगडाला घासतायत. चार महिने ती कुठल्याशा धरणात अडकून पडली होती, त्या काळात दाजी फार चिडचिडे झाले होते. डॉक्टर म्हणाले, हा नसांचा खेळ असतो, बऱ्याच जणांना होतो. दाजींनी त्यांना विचारलं, “बोटं माजी हायत का तुमची?” मग एका सकाळी हातातला कप खाली ठेवून ते म्हणाले, “पोचली. पाणी खारट हाय.” बोटांना चव कळत नाही, असं मी म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मी भूगोलाचा मास्तर आहे हेच विसरलो. संध्याकाळची मोजणी तर चालूच होती आणि ती दहाच भरत होती. एकदा पकडावं म्हणून मी त्यांच्यासमोर बसून बोटाबोटाला नजर लावून मोजलं. दहा भरली. मी परत मोजलं नाही.

मी ह्या गोष्टी स्टाफरूममध्ये रंगवून सांगत असे. ताईचं हसणं मात्र कधीच थांबलं होतं. तिला जेवण जात नव्हतं. एकदा पोळ्या लाटता लाटता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “ते पाठीवरून हात फिरवतात ना, तेव्हा मला पाच बोटं लागतात रे.” आणि मग खरी भीती बोलली, “पिशवी भरून ठेवलीय त्यांनी. एक दिवस हा माणूस बोटांच्या मागं जाईल नि परत यायचा नाही.”

म्हणून आम्ही बहीणभावांनी मिळून एक लबाडी केली. इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा जाते थेट पूर्वेच्या समुद्राला. हे मी वीस वर्षं पोरांकडून घोकून घेतोय. पण पूर्वेचा समुद्र लांब, कोकण जवळ. ताईचं म्हणणं, समुद्र तो समुद्र. चार किनारे दाखव, काही सापडणार नाही, मग गप्प बसतील. मी दाजींना म्हणालो, चला, उन्हाळ्याची सुट्टी आहे, कोकण किनारा उभा पालथा घालू. ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “तू म्हनशील तसं, मास्तर.”

तीन आठवडे आम्ही स्कूटरवर होतो, श्रीवर्धनपासून खाली. दाजी मागे बसून वास घेतल्यासारखा उजवा हात सतत बाहेर धरायचे. मागचे ट्रकवाले आम्ही उजवीकडे वळतोय असं समजून थांबायचे आणि आम्ही सरळ निघून गेलो की शिव्या घालायचे. प्रत्येक किनाऱ्यावर दाजी मनगटापर्यंत हात पाण्यात घालायचे, डोळे मिटायचे आणि “हे न्हवं” म्हणून उठायचे. पण हळूहळू मलाच तिथं बरं वाटेनासं झालं. भर दुपारी बाराला किनाऱ्यावर चिटपाखरू नसायचं. ओहोटीच्या वाळूवर बारके खेकडे मोहरीएवढ्या गोळ्या वळून वळून त्यांची नक्षी मांडत, आणि दाजी बसले की ती नक्षी त्यांच्याभोवती गोल फिरून जाई, त्यांच्या उजव्या बाजूला मात्र थोडी जागा सोडून. एकदा त्यांनी शंखातला एक खेकडा तळहातावर घेतला. तो चालत चालत मधल्या बोटाच्या कडेला आला, थांबला, आणि पुढे दोन पावलं टाकून मग वाळूत पडला. दोन पावलं कशावर टाकली, ते भूगोलाच्या शिक्षकाने लिहू नये.

शेवटी एका खाडीच्या तोंडाशी पोचलो. तिथं चिखलावर खेकड्यांची अख्खी वस्ती होती. प्रत्येकाची एक नांगी शरीराएवढी मोठी, दुसरी नावापुरती, आणि सगळे ती मोठी नांगी वर-खाली करत होते. हजारो जण एकदम हात करून बोलावतायत असं ते दृश्य. दाजी खूश झाले. “सगळी शिफ्ट हात करतीय रं!” माणसांना खाडीपार नेणारे एक म्हातारे चाचा आपल्या होडीत बसून जाळं शिवत होते. ते म्हणाले, “ह्यांची नांगी मोडली तर परत येते, शेट. आधी लहान येते, पण येते.” दाजींनी ते फार लक्ष देऊन ऐकलं. मग ते चिखलात उतरले, गुडघ्यावर बसले आणि एका बिळात उजवा हात कोपरापर्यंत घातला.

त्या क्षणी सगळ्या नांग्या थांबल्या. हजारो हात वर ते वरच राहिले. चाचांनी सुई खाली ठेवली. दाजींचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा झाला, घरातलं माणूस स्टँडवर उतरताना दिसावं तसा, आणि मग लगेच विझला. हात बाहेर काढून त्यांनी तो पँटला पुसला. “सापडली,” म्हणाले, “निजलीत. असू दे हितंच.” मग चिखलाने माखलेले दोन्ही हात समोर धरून त्यांनी मोजलं. “आठ.” मी तिथंच रडलो, आणि ते रडणं सुटकेचं होतं.

घरी सगळं सुरळीत झालं. माशांच्या, धरणाच्या बातम्या बंद झाल्या. ताई जेवायला लागली, अंगाने जरा भरली. “आता तीनच लागतात,” असं तिने मला एकदा हळूच सांगितलं. दाजी टीव्ही बघायचे, भाजी आणायचे, कुणीही करतं ते सगळं करायचे. स्टाफरूममध्ये सांगायला माझ्याकडे काही उरलं नाही. आपण ह्या माणसाला फसवलं, हे मात्र मनातून जाईना. गणपती होऊन गेल्यावर एका संध्याकाळी आम्ही दोघं मोशीच्या पुलावर उभे होतो. खाली नदीला फेस आला होता. मी नदीकडे बघतच सगळं सांगून टाकलं, पूर्वेचा समुद्र, ताईची भीती, आमची लबाडी.

दाजी हसले. “मास्तर, म्या मोशीचा. ही नदी कुठं जाती ते तू मला शिकवनार व्हय?”

“मग कोकणात आलात कशाला? सापडली असं का म्हणालात?”

“तुजी ताई जेवत न्हवती.”

मी विचारलं, मग त्या बिळात काय होतं? त्यांनी उजवा हात कठड्यावर ठेवला. “धरला रं कुनीतरी. चांगला घट्ट धरला. पर ती माजी बोटं न्हवती.” नदीवरून वारा आला तसा त्यांनी हात खिशात घातला. “कुना दुसऱ्याची आसतील. बिचारी वाट बगत्यात.”

“आणि तुमची?”

“हायत की. आजून भिजत्यात.” मग त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, “तिकडच्या समुद्राला खेकडं आसत्यात का रं?”

“असतात,” मी म्हणालो. “लाल असतात.”

त्यांनी मान हलवली. दिवाळीच्या सुट्टीतली पूर्वेकडच्या गाडीची दोन तिकिटं मी काढून ठेवली आहेत. ताईला अजून सांगितलेलं नाही.