सासरच्या ग्रुपसाठी सूर्यनमस्कार

माझ्या वडिलांनी मला एकच गोष्ट धडपणे दिली: शाळेआधीचा अर्धा तास. सतरंजीवर ते पुढे, मी मागे, आणि बोलणं अजिबात नाही. माझी लेक पाच वर्षांची झाली तेव्हा ठरवलं, हिला दुसरं काही देता आलं नाही तरी चालेल, हा अर्धा तास द्यायचाच.

पहिले चार दिवस छान गेले. भुजंगासनात मान वर करून ती माझ्याकडे बघून हसायची आणि मी वडिलांसारखं गप्प राहायची धडपड करायचे. पाचव्या दिवशी नवऱ्याला लवकर जाग आली.

हा माणूस बुटाची नाडी बांधायला वाकत नाही. बिननाडीचे बूट घेतो. पण लेकीला नमस्कार घालताना पाहिलं आणि त्याच्यातला गुरू जागा झाला. "अगं, हे ग्रुपवर टाकायला पाहिजे!" ग्रुप म्हणजे सासरचा, पुण्याचा.

दुसऱ्या दिवसापासून दुबईतल्या आमच्या अल कुसैसच्या हॉलमध्ये रोज शूटिंग. कपडे वाळत घालायचा स्टँड बाहेर. मागे गणपतीची तसबीर दिसावी म्हणून सोफा हलवला, आणि त्याच सोफ्यावर बसून चहात खारी बुडवत हा सूचना देणार, "यल्ला, चल बेटा, आर्म्स स्ट्रेट! आता स्माइल!" खारी चहात पडली की तो ओरडायचा, मग रीटेक.

ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागायची. "परदेशात राहूनही केवढे संस्कार!" असं लिहिणाऱ्या आत्यांचा नातू नऊपर्यंत लोळत असतो. काका रोज कळवायचे की पोरीचा श्वास चुकतोय. स्वतः एक जिना चढताना दोनदा थांबतात. ती दमली का, तिला आवडतं का, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. मला किळस यायची सगळ्यांची. स्वयंपाकघरात जाऊन मी भांडी आपटायचे, पण शूटिंग संपल्यावर. तोवर हात मोकळे नसायचे, कारण फोन मीच धरायचे. नवऱ्याचा हात हलतो, आणि हललेला व्हिडिओ पुण्याला गेला तर मलाच लाज वाटली असती.

दोन महिन्यांनी कंपनीने नवऱ्याला आठवडाभर अबू धाबीच्या साइटवर पाठवलं. बरी ब्याद गेली, म्हटलं. फोन मुद्दाम बेडरूममध्ये चार्जिंगला लावला. हॉलमध्ये सतरंजी अंथरली. मी पुढे, ती मागे.

माझे दोन नमस्कार झाले तरी मागून काही हालचाल ऐकू येईना. वळून पाहिलं. ती हात जोडून उभी होती, केस सारखे केलेले, चेहऱ्यावर ते ग्रुपचं हसू. टीव्हीजवळ मी रोज जिथे उभी राहते, त्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"आई, वेअर इज द फोन?"

"आज फोन नाही गं. आज आपण दोघीच."

हसू मावळलं. जरा विचार करून तिने विचारलं, "देन हू इज इट फॉर?"

"तुझ्यासाठी. माझ्यासाठी."

तिला ते काही पटलं नाही. ती सतरंजीवर बसून पायाच्या अंगठ्याशी खेळत राहिली. मी आणखी एक नमस्कार घातला, मग आणखी एक. शेवटी तिलाच माझी दया आली असावी.

"ओके आई, आय विल डू वन," ती म्हणाली. "गो, ब्रिंग इट."

आणि साऱ्या पुण्याला नावं ठेवणारी मी, उठले आणि आत जाऊन फोन घेऊन आले.