खादरमियाँची जीभ

आमच्या गल्लीत जस्ताच्या एका सुरईवर चांदीची तार ठोकून बसवायला महिना लागतो, आणि एवढं करून ती दिसते राखाडीच. तिला बिद्री करते ती माती. किल्ल्याच्या अंधाऱ्या खोल्यांतली, कित्येक वर्षं ऊन-पाऊस न पाहिलेली माती नवसागरात कालवायची आणि गरम सुरईवर चोळायची. जस्त काळं कुळकुळीत होतं आणि चांदी तेवढी पांढरी राहते. माती खोटी निघाली तर महिन्याची मेहनत गेली. म्हणून माती आणली की माणूस आधी खादरमियाँच्या ओट्यावर यायचा. म्हातारा चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "घे," नाहीतर, "फेक." त्यावर कुणी दुसरा शब्द काढत नसे.

खादरमियाँचे हात थरथरायला लागून दहा वर्षं झाली होती. छिन्नी सुटली, तार सुटली, मुलाने, मकबूलने, कारखाना हातात घेतला. म्हाताऱ्याकडे उरली ती जीभ. तिच्या जोरावर तो रोज पांढरी टोपी घालून ओट्यावर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे सलाम घ्यायचा.

नुजहत ही त्याची नात, मकबूलची थोरली मुलगी, नववीत. पोरगी हुशार होती आणि हे तिला स्वतःला जरा जास्तच माहीत होतं. हुशारीपलीकडे तिच्याजवळ होती ती हाव. पैशांची नव्हे, दागिन्यांची नव्हे, पहिलं येण्याची. मैत्रीण दुसरी आली तर हिला तिचा कळवळा यायचा, पण स्वतः दुसरी आली तर दोन दिवस जेवत नसे. अम्मी म्हणायची, "ही पोरगी सासरी गेली तर सासूलासुद्धा गुण देईल." हसत म्हणायची, पण जरा घाबरूनच.

त्या वर्षी शाळेत गंगांबिका मिस नवीन आल्या. त्यांनी विज्ञान प्रदर्शनातल्या थर्माकोलच्या ज्वालामुखीवर बंदीच घातली. "प्रश्न घरातला हवा, चित्र तुमच्या हातचं हवं, आणि उत्तर तुम्ही शोधलेलं हवं," त्यांनी फर्मावलं. एका पोराने 'आमची म्हैस दूध काढताना लाथ का मारते' हा प्रश्न घेतला आणि चौथ्या दिवशी पायाला प्लास्टर घालून आला. मिसने त्याचंही कौतुक केलं. पहिला नंबर येईल त्याला राज्याच्या शिबिरासाठी आठवडाभर बंगळूरूला नेणार होते. नुजहतने हुमनाबादच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं. तिने प्रश्न लिहून दिला: 'जीभ माती ओळखते का?'

मिस खुशीने खुर्चीतून उठल्याच.

नुजहतने दहा पुड्या बांधल्या. पाच अंधाऱ्या खोलीतल्या अस्सल मातीच्या, पाच किल्ल्यातल्याच, पण उघड्यावरच्या, पावसाने धुऊन निघालेल्या मातीच्या. रंग सारखाच लाल. सगळ्या एकाच मलमलीतून चाळलेल्या. "दादाब्बा, शाळेसाठी एक खेळ आहे," म्हणून तिने त्याला दहाही चाखायला लावल्या, आणि मग कारखान्यातल्या जस्ताच्या तुकड्यांवर एकेक माती चोळून खरं-खोटं पाहिलं. पहिल्या दिवशी पाच बरोबर आली. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी सहा. तिने नाणं उडवून पाहिलं, नाण्याचीही पाच आली.

ती धावतच कारखान्यात गेली. "अब्बा, दादाब्बांना काहीच कळत नाही!"

मकबूलने कानस खाली ठेवली आणि आधी दाराकडे पाहिलं. "हळू बोल. तुला आज कळलं? सगळ्या गल्लीला चार वर्षांपासून ठाऊक आहे. तो मोठा ताप आला होता ना, त्यातच गेली चव."

"मग लोक येतात कशाला?"

"येतात. 'जी उस्ताद' म्हणतात, घरी जातात, आणि तुकड्यावर घासून बघतात. तुझ्यासारखंच."

"म्हणजे सगळे खोटं बोलतात?"

"खोटं नाही गं, अदब आहे," मकबूल म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या शाळेसाठी ती उघडू नकोस. दुसरं काहीतरी काढ. सुरईचं चित्र काढ."

"बरं," नुजहत म्हणाली. आणि घरी येऊन तिने त्याच प्रश्नाचा मोठा तक्ता रंगवायला घेतला. अकरा दिवस रंगवत होती. मधोमध एक भलीमोठी गुलाबी जीभ, जिभेवर किल्ल्याचा बुरूज, बाजूला तीन दिवसांचे आलेख आणि खाली कानडीत तांबड्या रंगात निष्कर्ष: 'जीभ माती ओळखत नाही.' चित्र सुरेख उतरलं होतं, हे कबूल करायला हवं. जिभेवरचे बारीक ठिपकेसुद्धा तिने काढले होते. ते तिने म्हाताऱ्याला "आ करा" सांगून, अगदी जवळून पाहून घेतले होते.

मिसने तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "आजोबांना घेऊन ये. सगळ्यांसमोर चाखू देत. परीक्षक असं प्रत्यक्ष दाखवलेलं कधी विसरत नाहीत."

खादरमियाँला कानडी वाचता येत नव्हतं. शाळेने बोलावलंय म्हटल्यावर त्याने शेरवानी इस्त्रीला टाकली. गल्लीत प्रत्येकाला थांबवून सांगत सुटला, "नातीने माझ्यावर अभ्यास केलाय. तुमच्यावर कुणी केला का?" लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि "वा उस्ताद" म्हटलं. मकबूल त्या आठवड्यात माल घेऊन हैदराबादला गेला होता, नाहीतर गोष्ट तिथेच अडली असती.

आदल्या दिवशी असरच्या नमाजानंतर म्हाताऱ्याने नुजहतला ओट्यावर जवळ बसवलं.

"बेटी, या कानाचं त्या कानाला कळू देऊ नकोस. माझ्या जिभेला सालनातलं मीठसुद्धा कळत नाही आता. चार वर्षं झाली. कुणालाच माहीत नाही."

नुजहतने मान खाली घातली.

"उद्या एवढं कर. चांगली माती माझ्या उजव्या हाताला ठेव, खोटी डाव्या हाताला. बस. बाकीचं मी बघतो. सगळी गल्ली यायची आहे गं, रेवणप्पासुद्धा येतोय. त्याच्या बापाला मी काम शिकवलंय."

"ठेवते, दादाब्बा."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या घटकेला तिला खरोखरच तसं ठेवायचं होतं, एवढं तिच्या बाजूने सांगून टाकतो. तिच्या बाजूने सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

घरात आली तर समोर भिंतीला तक्ता टेकलेला. म्हाताऱ्याने दहाच्या दहा बरोबर सांगितली, तर तांबड्या रंगातलं ते वाक्य सगळ्यांदेखत खोटं पडणार होतं. अकरा दिवस पाण्यात. म्हैसवाला पोरगा प्लास्टर मिरवत बंगळूरूला जाणार. दोन्ही मातींच्या वाट्या मिसळून ठेवाव्या तर? पण मिसळल्या आणि नशिबाने आठ बरोबर आली तर? नुजहतला नशिबावर काही सोडायचं नव्हतं. सकाळी शाळेत तिने पाच वाट्या चांगल्या मातीच्या भरल्या आणि सगळ्या म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला मांडल्या, खोट्या मातीच्या पाच उजव्या हाताला. प्रत्येक वाटीपुढे ती माती चोळलेला जस्ताचा तुकडा कागदाखाली झाकून ठेवला.

सभागृह भरलं होतं. गल्लीतले वीसेक कारागीर मागच्या बाकांवर बसले होते, अंगाला पॉलिशच्या तेलाचा वास तसाच. भालकीचे हावगीराव सर, विज्ञानाचे निवृत्त मास्तर, परीक्षक म्हणून पुढे बसले होते. खादरमियाँ शेरवानीत आला, टेबलाशी बसला आणि नुजहतकडे पाहून किंचित हसला. तिनेही हसून घेतलं.

म्हाताऱ्याने उजवीकडची पहिली वाटी उचलली, चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. "वा! ही तर सुलतानाच्या मुदपाकखान्यातली. घे!" लोक हसले. त्याने चूळ भरली, दुसरी उचलली. "घे. हिने सुरई अशी काळी होईल की बायका काजळ म्हणून चोरून नेतील." पुन्हा हशा पिकला. पाच झाल्या. डावीकडची पहिली तोंडात घालताच त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा थुंकला. "फेक! हिच्यात गाढवंसुद्धा लोळणार नाहीत." मागे बसलेला रेवणप्पा हसला नाही. तो खाली मान घालून आपल्या बोटांची नखं बघत होता.

दहा झाल्या. नुजहतने कागद उचलायला सुरुवात केली. उजवीकडचा पहिला तुकडा राखाडी. दुसरा राखाडी. पाचवा निघेपर्यंत हसणं थांबलं होतं. डावीकडचे पाचही काळेभोर निघाले.

खादरमियाँ त्या तुकड्यांकडे बघत राहिला. एकदा त्याने आपला उजवा हात पाहिला, जणू उजवा कोणता हेच तो विसरला असावा.

"दहापैकी शून्य," नुजहत म्हणाली. आवाज स्वच्छ होता. तिने तो आरशासमोर घोटून घेतला होता. "म्हणून निष्कर्ष असा, की जीभ माती ओळखत नाही."

मिसने टाळ्यांसाठी हात उचलले, पण हावगीराव सर उठून टेबलाशी आले.

"थांब पोरी. तुझ्या आलेखात पाच, चार, सहा आहेत. ते मला पटतं. न कळणाऱ्याची निम्मी बरोबर येतातच. दहाच्या दहा चूक कशी येतील? दहाच्या दहा चूक यायला दहाच्या दहा कळावी लागतात." ते म्हाताऱ्याकडे वळले. "मियाँसाहेब, खरं सांगा. तुम्हाला सगळं कळत होतं, आणि नातीची फिरकी घ्यायला उलटं सांगितलंत. हो ना?"

मागच्या बाकांवर एकदम जीव आला. "हां उस्ताद! तसंच असणार! उस्ताद मजा करतात!" रेवणप्पा तर उभाच राहिला. "अहो सर, आमचे उस्ताद आहेत ते, पोरांशी खेळतात!"

देवाने दार उघडून द्यावं तसं ते झालं होतं. म्हाताऱ्याला नुसती मान हलवायची होती. चार वर्षं झाकलेली मूठ झाकलेलीच राहिली असती, आणि नुजहतचा तक्ता तिथल्या तिथे रद्दीत गेला असता. नुजहतला ते त्याच क्षणी कळलं. ती मनात म्हणाली, नको दादाब्बा, हो म्हणू नका.

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "पोरीचं बरोबर आहे. जीभ मेलीय माझी. चार वर्षं झाली. मी लोकांना फसवत होतो." आणि मग जरा थांबून, "दहाच्या दहा चूक, ते माझं नशीब."

हावगीराव सरांनी एकदा नुजहतकडे पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि जागेवर जाऊन बसले. पहिला नंबर तिलाच मिळाला. टाळ्या मुलांनी वाजवल्या.

त्यानंतर आमच्या गल्लीने जे केलं तेही काही कमी नव्हतं. ज्यांना चार वर्षं सगळं ठाऊक होतं, तेच आता म्हणू लागले, "बघा, म्हाताऱ्याने कसं उल्लू बनवलं." म्हाताऱ्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यावर अदब कशाच्या आडोशाने पाळायची? माती घेऊन ओट्यावर कुणी फिरकेना. रेवणप्पा दोनदा आला, रिकाम्या हाताने, हवापाण्याचं बोलला आणि अवघडून निघून गेला. हैदराबादहून परतल्यावर मकबूल महिनाभर मुलीशी बोलला नाही. म्हातारा मात्र बोलत होता. "चहा घेतलास का, शाळेची वेळ झाली, ओढणी सावर," सगळं पूर्वीसारखंच.

बंगळूरूहून आल्यावर मिसने सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला. प्रकल्पातून काय शिकलात ते लिहायचं. नुजहतने भराभर लिहिलं: चाळणी करायला शिकले, आलेख काढायला शिकले, रंग पाण्यात किती कालवायचा ते शिकले. शेवटचा प्रश्न होता, पुढच्या वेळी काय वेगळं कराल? तिथे तिचा पूर्ण तास गेला. तिने लिहिलं, 'दादाब्बांना बोलावणार नाही.' ते खोडलं. 'दादाब्बांना दिलेला शब्द,' असं सुरू केलं आणि तेही खोडलं. कागदाला भोक पडलं. नवा कागद मागून तिने एकच ओळ लिहिली. मिसने त्यावर तांबड्या शाईने 'उत्तम' लिहिलं.

संध्याकाळी म्हातारा अंगणात खाटेवर बसला होता. "काय लिहिलंस? वाच की मला," तो म्हणाला.

नुजहतने कानडीतलं एकेक वाक्य आपल्या बोलीत करून सांगितलं. तो प्रत्येकाला मान डोलावत होता. शेवटच्या ओळीशी ती अडखळली, पण तो वाट बघत होता.

"पुढच्या वेळी वाट्या मिसळून ठेवीन," तिने वाचलं.

"हां," म्हातारा म्हणाला. थोडा वेळ तो त्यावर विचार करत राहिला, एखाद्या कामातली चूक समजून घ्यावी तसा. "मिसळायलाच हव्या होत्या, बेटी. माझी निम्मी तरी बरोबर आली असती."