घरात माणसं तीन

त्या प्रकरणातलं मला आजही स्पष्ट आठवतं ते गुरुजींचं बोट. कागदावरच्या ओळीखालून ते एकेक शब्द पुढे सरकत होतं.

मी स्वतःला निवृत्त म्हणवून घ्यावं इतकं माझं वय नाही. काही वर्षं उपनिरीक्षक होते, मग राजीनामा दिला. कारण इथे सांगण्याची गरज नाही. तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून इंग्रजी कागद आला की तो आपोआप माझ्या टेबलावर यायचा. आमचे हवालदार गमतीनं म्हणायचे, "कॉन्व्हेंटचं टपाल आलं, मॅडम."

मंगळवारी सकाळची हजेरी आटोपली आणि एक निवृत्त शिक्षक मुलीला घेऊन आत आले. बोलली मुलगीच. लग्नाला आठ महिने झाले होते, नवरा अमेरिकेत होता. तिच्या व्हिसाची मुलाखत बारा दिवसांनी मुंबईत होती आणि तिच्या कागदांची फाईलच गेली होती. फाईलमध्ये तिचा पासपोर्ट होता. नवऱ्यानं पाठवलेले पगाराचे आणि आयकराचे कागद होते, आणि बायकोचा सगळा आर्थिक भार मी उचलीन असं लिहून दिलेला, त्याच्या सहीचा फॉर्म होता.

"अण्णा सोमवारी सकाळी परभणीला वकिलाकडं तपासून घ्यायला नेत होते," ती म्हणाली. "पोखर्णीला दर्शनाला उतरले. तिथंच पिशवी गेली."

"चोरी का गहाळ?" हवालदारांनी पेन उचलत विचारलं.

"गहाळ," गुरुजी लगेच म्हणाले. "गहाळच लिवा. कुणावर आळ नको."

वस्तू हरवलेला माणूस सहसा इतका उदार नसतो. त्याला कुणावर तरी संशय असतोच. मी एवढंच मनात नोंदवलं. आणखी एक गोष्ट दिसली. त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. चहाचा कप घेतानाही त्यांनी ती खाली ठेवली नाही.

मुलीच्या मोबाइलमध्ये सगळ्या कागदांचे फोटो होते. मी ते भराभर वाचून काढले. सगळं व्यवस्थित होतं. नवऱ्याचे कागद पुन्हा मागवता येतील, पण पासपोर्ट बारा दिवसांत नव्यानं मिळणं कठीण, हे तिला सांगावं लागलं. ती रडली नाही. वडिलांकडे न बघता म्हणाली, "ही तारीख गेली तर पुढची कधी मिळंल, कुणालाच सांगता येत न्हाई, मॅडम."

दुसऱ्या दिवशी हवालदार ठाण्याच्या झेरॉक्स काढायला स्टँडसमोरच्या दुकानात गेले. दुकानदारानं सहज विचारलं, "गुरुजी काल ठाण्यात कशाला आल्ते हो? परवा दुपारी तर इथंच होते. एकच पान, इंग्रजीतलं, लय मोठं करून घेतलं."

परवा म्हणजे सोमवार. फाईल सकाळीच पोखर्णीला गेली असेल, तर दुपारी पान आलं कुठून?

गुरुजींना बोलावून घेतलं. पिशवी आजही मांडीवर होती. मी हवालदारांना बाहेर थांबायला सांगितलं. मला आवाज चढवता येत नाही. वरिष्ठ त्यावरून बोलायचे. मी फक्त विचारलं, "गुरुजी, ते पान मोठं का केलंत?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची घडी काढून माझ्यासमोर उलगडली आणि एकेक शब्दाखालून बोट सरकवत एका ओळीवर आणून ठेवलं.

"तुमी इंग्रजीत शिकलेल्या. हे वाचा."

"घरातल्या माणसांची संख्या. तीन."

"कोण कोण?"

"जावई. तुमची मुलगी." मी थांबले. काल हेच पान माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं.

"दोनदा जनगणना केलीय मी," गुरुजी म्हणाले. "दारोदार फिरून. लोक नातं खोटं सांगतेत, मॅडम. वय खोटं सांगतेत. पण मोजायला बसलं की माणूस उरतोच. हा तिसरा कोण?"

मी वरचा रकाना सावकाश वाचला. पूर्वी कुणाची अशीच जबाबदारी घेतली असेल आणि ती अजून संपली नसेल, तर ती माणसं तिथं मोजायची होती. तिथं एकचा आकडा होता. नातं लिहिलेलं नव्हतं.

"बायकोच असंल," गुरुजी म्हणाले. "लेकराला कसं सांगू? तिची आई असती तर तिनं सांगितलं असतं. म्हणलं, तारीख निघून जाऊ द्यावी."

मी मुलीला बोलावून घेतलं. समोरचं पान बघूनच तिला कळलं.

"त्यांची पहिली बायको हाय ती," ती म्हणाली. "फारकत झालीय. मला लग्नाआधीच सांगितलं होतं त्यांनी."

"आन मला?"

"तुमाला सांगितलं असतं तर हो म्हणला असता का, अण्णा?"

"न्हाई."

"म्हणून."

बाहेर वायरलेसवर कुणीतरी बोलत होतं. गुरुजींनी मला विचारलं, "फारकत झाल्यावरबी सही चालूच राहती?"

"हो. तिकडचा कायदा तसा आहे. नातं संपलं तरी ती जबाबदारी आपोआप संपत नाही."

"म्हंजे हिच्या कागदावरचीबी राहील?"

"राहील."

त्यांनी मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली निळी फाईल आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला. "घरात ठेवायची सोय नव्हती," ते म्हणाले. "सगळं घर उलथंपालथं करायली होती ही."

"दोन दिवस आमच्याच समोर मुद्देमाल घेऊन बसले," दारातून हवालदार पुटपुटले. खोटी खबर दिल्याबद्दल कारवाई करता आली असती. मी केली नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत लिहिलं: गहाळ वस्तू मिळून आली. कुठं, ते लिहिलं नाही. माझ्या नोकरीतली जाणूनबुजून अपुरी ठेवलेली ती एकच नोंद. गुरुजींनी सही करण्याआधी त्या ओळीखालून बोट फिरवलं, शेवटी क्षणभर थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

इंग्रजी मला सहज येतं, याचा मला थोडा अभिमान होता. त्या सहजपणामुळेच तो आकडा माझ्या नजरेतून सुटला. गुरुजींना प्रत्येक शब्दाशी झगडावं लागलं, म्हणून त्यांना तो दिसला. तरी त्यांनाही दिसला तो आकडाच. खरं काय ते लेकीला समोर बोलावल्यावर कळलं. नंतर मी पंचनामे, जबाब, सगळं ओळीखाली बोट ठेवून वाचू लागले. लोक हसायचे.

काही महिन्यांनी गुरुजी ठाण्यासमोरून जाताना दिसले. मी बाहेर आले. "पोचली," ते म्हणाले.

"बरं झालं, गुरुजी."

ते थोडं पुढे गेले, मग वळले. "मॅडम, आता कुणी मोजायला आलं, तर आमच्या घरात एक."

आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागले.